देवांचा अंगणातला दिवस

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी देवांना घराबाहेर काढतो. यंदाही काढले. कॅरिगलाइनमध्ये माझ्या लेकीच्या, मेधाच्या, घरामागे चार पावलांची हिरवळ आहे आणि हिरवळीच्या कडेला एक लाकडी मेज. त्यावर धूतवस्त्र अंथरले, ताम्हणातून एकेक करून बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, शाळिग्राम आणि वडिलांच्या नित्यपूजेतला शंख मांडला, नमस्कार केला आणि शेजारी खुर्ची ओढून बसलो. आयर्लंडमधला ऑगस्ट हा श्रावणाचा दूरचा नातलग असला पाहिजे. ऊन येते ते वाट चुकून आल्यासारखे, आणि पाऊस येतो तो काहीतरी विसरलेले न्यायला परत फिरल्यासारखा. म्हणून छत्री मांडीवरच ठेवली होती.

वर्षातले तीन महिने मी इथे असतो. मेधा रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात काम करते. सकाळी सातला तिची गाडी निघते आणि मग घर, मी आणि देव असे तिघेच उरतो. देवांचे इथले वास्तव्य स्वयंपाकघरातल्या एका कपाटात आहे. शेजारी तिचे चहा-साखरेचे डबे असतात. प्रथम मला ते खटकले होते. पुढे वाटले, अन्नपूर्णेची तरी त्यात सोयच झाली.

संकल्प सोडताना मात्र पहिल्या वर्षी मी अडखळलो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीच्या दक्षिण तीरावर उभे राहून बोलणारी माणसे. भले ती गोदावरी आम्ही जन्मात पाहिलेली नसो. इथे काय म्हणावे? संकल्पात खोटे चालत नाही. आपण कोण, कुठे उभे आहोत, आज कोणता दिवस, आणि आपण काय करणार, हे सारे नीट सांगावे लागते. शेवटी गावातून वाहणाऱ्या ओवनाबुई नदीचे नाव घेतले. ती बिचारी लहानशी, भरतीच्या वेळी फुगणारी, बदकांची नदी. आपले नाव एवढ्या गंभीर स्वरात कुणी घेतले याचा तिला संकोच वाटला असेल.

देव बाहेर का काढायचे, हे मला गेल्या श्रावणात थोकोने विचारले. आमची ओळखच त्या प्रश्नाने झाली. त्या सोमवारी देव मेजावर ठेवून मी दूध-साखरेचा नैवेद्य आणायला आत गेलो आणि तेवढ्यात सर आली. वाटी हातात घेऊन धावत बाहेर येतो तो काय, शेजारच्या बुटक्या भिंतीवरून एक उंच कृष्णवर्णी बाई कमरेतून वाकली आहे, अंगावर परिचारिकेचा निळा पोशाख आहे आणि तिने आपली छत्री देवांवर धरली आहे. ती स्वतः निथळत होती.

“कोण आहेत ते मला ठाऊक नाही,” ती म्हणाली, “पण भिजत होते.”

थोको आफ्रिकेतल्या मलावीची. तिचे पूर्ण नाव थोकोझानी. त्याचा अर्थ ‘आभार माना’ असा होतो, हे तिनेच सांगितले. जवळच्या कॉर्क शहरातल्या एका रुग्णालयात ती परिचारिका आहे. आमचे संभाषण इंग्रजीत चाले, पण तिने मला पहिल्या दिवसापासून ‘आगोगो’ म्हटले. तिच्या भाषेत आजोबांना आगोगो म्हणतात. दोन भाषांमध्ये समुद्र आहे, पण आजोबा मात्र सगळीकडे ‘आ’ने सुरू होत असावेत.

सर ओसरल्यावर तिला आत बोलावून चहा दिला. तिने पुन्हा विचारले, “आगोगो, त्यांना घर असताना बाहेर का ठेवलेत?” मग मला तिलारीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावापर्यंत जावे लागले.

ते हिवतापाचे गाव होते. लोक त्याला हींव म्हणत. एकाआड एक दिवस ठरल्या वेळी यायचे, वाकळेवर वाकळ टाकली तरी दात वाजायचे, आणि तासाभराने घाम फुटून माणूस असा मोकळा व्हायचा की जणू काही झालेच नव्हते. शास्त्रकारांनी त्या ज्वराचे दिवस मोजून ठेवले होते, तृतीयक, चातुर्थिक. गावातल्या बायकांनीही मोजून ठेवले होते. अर्ध्या मुलांच्या पोटात डाव्या बाजूला पानथरी, म्हणजे सुजलेली प्लीहा, हाताला लागे. शाळेत गुरुजी हजेरी घेताना विचारीत, “आज कोणाची पाळी?” आणि हसू येई. कोयनेलची कडू गोळी गुळात दडवून देत असत. गूळ आम्ही चाटून घेत असू आणि गोळी कुंपणात फेकून देत असू. कुंपणाला कधी हींव भरले नाही.

मी आठ वर्षांचा असताना सरकारी फवारणीची टोळी प्रथम आली. तिचा मुख्य सखाराम, पाठीवर पंप, खाकी अर्धी चड्डी, आणि तोंडात सदैव एखादी थट्टा. घरातल्या प्रत्येक खोलीच्या भिंतींवर औषध मारायचे आणि मग दारावर गेरूने लिहायचे, किती खोल्यांपैकी किती झाल्या. आमचे घर सहा खोल्यांचे. पाच झाल्या. सहावे देवघर. वडील दारात आडवे उभे राहिले.

“इथे सोवळे आहे. देवांवर विष उडवू देणार नाही.”

सखारामने पंप खाली ठेवला. “भटजीनू, डासाक सोवळा-ओवळा कळणा नाय.”

“त्याला नसेल कळत. मला कळते.”

सखारामने मान हलवली आणि दारावर लिहिले, ‘सहापैकी पाच’. वडिलांनी ते अभिमानाने मिरवले. गावात कुणी विचारले तर सांगत, “आमच्याकडे सहापैकी पाच.” जणू ते परीक्षेतले गुण होते. पण आमचे देवघर हीच घरातली सर्वांत काळोखी, सर्वांत गार, अभिषेकाच्या पाण्याने सदैव ओलसर राहणारी खोली. बाकीच्या पाच खोल्यांतून हाकलले गेलेले सारे डास तिथे देवांच्या आश्रयाला आले. दिवेलागणीला देवापुढे शुभंकरोती म्हणायला बसायची ती माझी धाकटी बहीण, दुर्गी. तिला हींव भरले. भाद्रपद येईतो ती काटकी झाली.

तिला वाचवले ते सखारामने. दर आठ दिवसांनी चार कोस चालत तो गोळ्या घेऊन यायचा, समोर उभा राहून गिळायला लावायचा आणि “तोंड उघड, जीभ वर कर, आता खाली” अशी तपासणी करायचा. कुंपणाची वाट त्याला ठाऊक होती. दुर्गी बरी झाली. पुढच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी टोळी पुन्हा आली तेव्हा वडिलांनी स्वतःच सारे देव ताम्हणात घेतले आणि तुळशीपाशी नेऊन पाटावर मांडले. कोकणातला श्रावण, तो काय थांबतो? म्हणून वडिलांची काळी छत्री देवांवर धरून उभे राहण्याचे काम माझ्याकडे आले. आत पंपाचा फुसफुसाट चालू होता, बाहेर मी एका हातातून दुसऱ्या हातात छत्री बदलत होतो, आणि दुर्गी माझ्याभोवती फेर धरून सांगत होती, “दादा, गणपतीचा कान भिजतोय. दादा, आता अन्नपूर्णेची पळी भिजतेय.” सखारामने बाहेर येऊन दारावर लिहिले, ‘सहापैकी सहा’, आणि देवांना नमस्कार करून म्हणाला, “देवांनू, घर मोकळा झाला. चला.”

त्यानंतर दर वर्षी तो दिवस आमच्या घरी सणासारखा आला. देवांची सहल म्हणत आम्ही. आई त्या दिवशी हळदीच्या पानातल्या पातोळ्या करी, त्यातल्या दोन सखारामच्या डब्यात जात. आणि हळूहळू गावातून हींव असे गेले की शाळेतल्या नव्या मुलांना त्या ‘पाळी’च्या थट्टेचा अर्थच कळेना.

इथे मी थांबलो होतो. थोकोने कप खाली ठेवला. “मग?” ती म्हणाली. “ताप गेला, तर देव अजून बाहेर कशाला?”

रुग्णालयात काम करणारी माणसे बरोबर तिथेच बोट ठेवतात. मला पुढचे सांगावे लागले. ताप गेला, आणि मग आमची श्रद्धाही गेली. सखाराम निवृत्त झाला. नवा माणूस आला तेव्हा वृद्ध वडील म्हणाले, “अहो, या गावात कित्येक वर्षांत हींव कुणी पाहिलेले नाही. देव हलवायचे तर सारे आवरावे लागते. पुढच्या खेपेला या.” शेजाऱ्यांनीही तेच सांगितले. पुढच्या खेपेला टोळी आलीच नाही. सरकारलाही बहुधा असेच कुणीतरी पुढच्या खेपेचे सांगितले असावे. आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी दुर्गी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातव्या महिन्यात तिला तेच जुने हींव भरले, ठरल्या वेळी, जणू मधल्या वर्षांत ते कुठे गेलेच नव्हते. दुर्गी वाचली. बाळ तीन दिवस राहिले.

वडिलांनी कुणाला दोष दिला नाही. पण पुढच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, फवारणीवाला येणार नसतानाही, त्यांनी देव तुळशीपाशी नेऊन ठेवले. आईने विचारले तेव्हा म्हणाले, “देव बाहेर काढले म्हणजे आत काय उरले आहे ते दिसते.” ते गेल्यावर देव माझ्याकडे आले, आणि देवांबरोबर तो सोमवारही.

थोकोने खिडकीतून मेजावरच्या देवांकडे पाहिले. मग तिने सरोवराकाठच्या तिच्या गावाची गोष्ट सांगितली. तिची बहीण मर्सी तिथे आरोग्यसेविका आहे. एका पत्र्याच्या पेटीत रक्ततपासणीच्या पट्ट्या आणि गोळ्या, एवढाच तिचा दवाखाना. गावातल्या मच्छरदाण्या तीन वर्षांच्या झाल्या आहेत, त्यांचे औषध उतरले आहे, त्यांना भोके पडली आहेत. अनेक देशांनी मिळून उभारलेल्या निधीतून त्या येतात, दर तीन वर्षांनी प्रत्येक देशाने आपले वचन नव्याने द्यायचे असते, आणि यंदा मोठमोठे देश हात आखडता घेत आहेत. “ते म्हणतात, आजार पुष्कळ कमी झाला आहे.” थोको हे अगदी सपाट आवाजात म्हणाली. मर्सीला दिवस गेले होते. बाळ तिकडच्या पावसाळ्यात होणार होते, म्हणजे डासांच्या सुगीत.

“तू एक मच्छरदाणी पाठव तिला,” मी म्हटले.

“पाठवली, आगोगो. पण शेजारच्या घरात नसेल तर?”

सहापैकी एक, मला वाटले. माझ्या ओठांवर ते आलेही.

इथल्या लोकप्रतिनिधींची एक रीत मला मनापासून आवडते. शनिवारी सकाळी ते गावातल्या एखाद्या सभागृहात मेज टाकून बसतात आणि कुणीही रांगेत बसून आपले गाऱ्हाणे सांगू शकतो. ना चिठ्ठी, ना चपराशी. थोको तिथे जाणार होती आणि तिने मला बरोबर यायला सांगितले. मी म्हटले, “अगं, मला इथे मत नाही.” ती म्हणाली, “तुम्हाला गोष्ट आहे.”

मेधाला हे सांगितले तेव्हा ती पोळी लाटता लाटता थांबली. “बाबा, तुम्ही आयर्लंडच्या खासदाराला सोवळं समजावून सांगणार?”

“सांगेन.”

“ग्रँड,” ती म्हणाली. हा शब्द इथे ‘ठीक आहे’पासून ‘देवच राखो’पर्यंत सर्व अर्थांनी वापरतात. पण शनिवारी तिनेच आम्हाला गाडीने सोडले, आणि उतरताना माझ्या खांद्यावरची शाल नीट केली.

आमच्या पुढे पदपथाच्या उखडलेल्या फरशीचे एक गाऱ्हाणे होते आणि कुत्र्याच्या भुंकण्याचे एक. खासदारबाई साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलण्याआधी हसणाऱ्या. “या, बसा. तुमचेही रस्त्याचेच ना?”

“मच्छरदाण्यांचे,” थोको म्हणाली.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. थोकोने मर्सीचे सांगितले, मी दुर्गीचे. बाईंनी नीट ऐकून घेतले. मग त्या अवघडून म्हणाल्या, “आमच्या देशाने आजवर दिले आहे. पण आता लोक विचारतात, किती वेळा द्यायचे? एकदा दिले, दोनदा दिले...”

मला वाद घालायचा नव्हता. त्यांच्या मागच्या भिंतीवर क्रूस होता, म्हणून मी सहज विचारले, ईस्टरपूर्वीचे उपवास त्यांच्या घरी पाळत का?

त्यांचा चेहरा एकदम मुलीसारखा झाला. “पाळायचो म्हणजे काय! जेवणाच्या मेजावर पुठ्ठ्याची एक पेटी असायची, दूरदेशच्या गरिबांसाठी. मी चॉकलेट सोडायचे आणि त्याचे नाणे पेटीत टाकायचे. माझा भाऊ चाकूने ते परत काढायला बघायचा. आईने एकदा पकडले त्याला! ती म्हणायची, पेटी एकदा मांडली की ईस्टरपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

“तुमच्या आईंना आमच्या धर्मशास्त्राच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळाला असता,” मी म्हटले. “आणि ईस्टरनंतर?”

“ईस्टरनंतर पेटी चर्चमध्ये जायची.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी नवी पे...” बाई थांबल्या. माझ्याकडे पाहिले, थोकोकडे पाहिले, आणि मोठ्याने हसल्या. “पकडलेत मला.”

“आमच्या वडिलांनी एक वर्ष पेटी मांडली नाही,” मी म्हटले. “एवढेच सांगायला आलो आहे.”

मी संकल्पाची रीत त्यांना सांगितली. ‘आम्हाला चिंता आहे’ हा संकल्प होत नाही. आपले नाव, आपले ठिकाण, आजचा दिवस आणि आपण काय करणार, हे सांगितल्यावाचून हातावरचे पाणी सोडता येत नाही. बाईंनी आपली दैनंदिनी उघडली, वर तारीख घातली, आणि लिहिता लिहिता वाचून दाखवले की मंत्र्यांना पत्र जाईल, संसदेत प्रश्न विचारला जाईल, आणि देशाने आपला वाटा कमी न करता पुन्हा द्यावा अशी मागणी त्या करतील. शेवटी म्हणाल्या, “माझ्यावर सोडा.”

बाहेर आल्यावर थोको म्हणाली, “आगोगो, इथे ‘माझ्यावर सोडा’ म्हणजे होईलही, नाहीतर नाहीही.”

“आमच्याकडे त्याला ‘बघू’ म्हणतात,” मी म्हटले. आणि आम्ही दोघे पावसात उभे राहून इतके हसलो की गाडीतून मेधाने काच खाली करून विचारले, “झालं का काम?”

काम झाले की नाही हे पुढचे वर्षभर कळले नाही. मी भारतात परतलो. थोको दर महिन्याच्या एका शनिवारी त्या रांगेत जाऊन बसत होती, बाई तिला पाहिल्याबरोबर म्हणत, “विसरले नाही, विसरले नाही!” मंत्रालयाचे एक छापील उत्तर आले, मग दुसरे आले. मार्गशीर्षात मलावीत पाऊस सुरू झाला. पौषात एकदा थोकोचा निरोप आला : मर्सीला ताप आहे. मला आठवा महिना मोजता येत होता. त्या दिवशी मी पूजेला बसलो आणि माझ्या हातून घंटा वाजवायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा निरोप आला, आणि तो वाचून मी एकटाच हसलो : मर्सीने स्वतःच्या पेटीतली पट्टी काढून स्वतःचेच रक्त तपासले होते, स्वतःलाच गोळ्या दिल्या होत्या, आणि समोर उभे राहणारे कुणी नव्हते म्हणून शेजारणीला बोलावून तिच्यासमोर त्या गिळल्या होत्या. तिकडेही कुंपणे असणारच. माघात मुलगी झाली. पण गावाच्या मच्छरदाण्या आल्या नव्हत्या, आणि पावसाळा अजून सरला नव्हता. ते सारे महिने ती मुलगी आईच्या एका मच्छरदाणीखाली होती आणि बाकी गाव उघडे होते.

आणि आता यंदाचा सोमवार. मी मेजाशी बसलो होतो, ढग जमत होते, मी छत्रीची कळ चाचपत होतो. भिंतीपलीकडून थोकोची हाक आली, “आगोगो! आगोगो, हलू नका!” हलणार कुठे होतो? ती आली ती हातातला फोन माझ्यापुढे धरूनच. पडद्यावर मर्सी होती, कडेवर सहा महिन्यांची गुटगुटीत मुलगी, आणि त्यांच्यामागे आंब्याच्या सावलीत, कुडांवर, दोऱ्यांवर, दारांसमोर पांढऱ्याशुभ्र मच्छरदाण्या टांगलेल्या. घरोघरी. दृष्टी पोचेल तिथवर.

“आत का नाही बांधल्या?” मी घाबरून विचारले.

मर्सी हसली. “नव्या मच्छरदाणीला औषधाचा उग्र दर्प असतो. एक दिवस बाहेर सावलीत ठेवायची. मग आत.” मग तिचे लक्ष मेजाकडे गेले; आमची गोष्ट थोकोने तिला सांगितली होती. “तुमचे देवही बाहेर! तुमच्याकडे फवारणी आहे?”

“नाही, बाई,” मी म्हटले. “आमच्याकडे आठवण आहे.”

मुलीने पडद्याकडे हात टाकला. थोकोने मला सांगितले की मुलीचे नाव मावशीच्या, म्हणजे थोकोच्याच, नावावरून ठेवले आहे. ‘आभार माना.’ तेवढ्यात सर आली. मी देवांवर छत्री उघडली आणि थोकोने माझ्यावर.

त्या मच्छरदाण्या आमच्या शनिवारमुळे आल्या असे मानण्याइतका मी भाबडा नाही. कुठल्या कुठल्या देशांत कुणी कुणी रांगेत बसले असेल, कुणी दैनंदिनीत लिहिले असेल, कुणी पेटी मांडली असेल. त्यांतली एक ओंजळ ओवनाबुईच्या काठची, एवढेच.

देव कपाटात परत नेले, चहाच्या डब्यांशेजारी नीट बसवले, आणि सावंतवाडीला दुर्गीला फोन लावला. शहात्तर वर्षांची झाली आहे ती. दर वर्षी या दिवशी पहिला प्रश्न तिचाच असतो.

“दादा, देव बाहेर काढलेस?”

“काढले. भिजले नाहीत.”

“गणपतीचा कान?”

“कोरडा.” मग मी तिला मर्सीचे, मुलीचे, आंब्याच्या सावलीतल्या मच्छरदाण्यांचे सांगितले. तिच्याकडचा पागोळ्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

“सगळ्या घरांना मिळाल्या?” तिने विचारले.

“सहापैकी सहा.”

“किती टिकतात रे त्या?”

“तीन वर्षे.”

“मग त्या बाईंना आत्ताच सांगून ठेव,” दुर्गी म्हणाली. “ताप गेला तसे आपण विसरलो होतो.”

फोन ठेवला आणि थोकोला निरोप पाठवला : शनिवारी सकाळी दहाला, सभागृहात. छत्री आण.